दुसऱ्या मजल्यावरील अर्काविरुद्ध माझी तक्रार

तक्रारदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या किंचित अलीकडे. शिक्षण नववी पूर्ण, दहावी अपूर्ण. व्यवसाय पूर्वी तालुक्याच्या कचेरीबाहेर अर्जलेखन, हल्ली तोक्योतील एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालणे. राहणार ओजिमा, सरकारी वसाहतीच्या इमारतीचा चौथा मजला.

जाबदेणार क्रमांक एक : त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील तरुण इंजिनिअर, मूळचा पुण्याचा, नोकरी तोयोसुच्या एका काचेच्या मनोऱ्यात.

जाबदेणार क्रमांक दोन : काडेपेटीहून लहान अशी एक हिरवी पट्टी, जिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात.

घटनेच्या तारखा : गेल्या जून महिन्यातील पहिले तीन रविवार, सकाळी साडेदहा ते दुपारी दीड.

साक्षीदार : माझी पत्नी. दुसरा साक्षीदार इमारतीचा व्यवस्थापक; परंतु तो साक्ष देणार नाही. त्याचे कारण पुढे येईल.

वरील मजकुरात कोणाचेही नाव लिहिलेले नाही. कचेरीबाहेरच्या अठरा वर्षांत नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांवाचून एकही कागद मी टेबलावरून पुढे सरकवला नव्हता. आता मी नावे गाळतो, कारण ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांचे माझ्या लेखणीने एकदा नुकसान केले आहे.

या देशात मी माझ्या पत्नीमुळे आलो. ती तोयोसुमधील एका भारतीय खानावळीत स्वयंपाकी आहे आणि माझा इथला मुक्काम तिच्या परवान्यावर आहे. हे मी कोणी विचारल्याशिवाय सांगत नाही. चादरींचे काम आठवड्याचे अठ्ठावीस तास. त्याहून जास्त करण्याची मला मुभा नाही. उरलेल्या वेळात मी लोकांचे अर्ज लिहून देतो. ज्यांना महिन्याला माझ्या वर्षभराच्या चादरींएवढे मिळते अशी माणसे माझ्या स्वयंपाकघरातल्या बुटक्या टेबलाशी मांडी घालून बसतात आणि म्हणतात, "काका, सातबाऱ्यावर वारस नोंद करायचीय, तलाठ्याला काय लिहायचं?" त्या क्षणी मला वाटते की माझी दहावी राहिली हे बरेच झाले, ती झाली असती तर मी फार तर कारकून झालो असतो.

दुसरी गोष्ट, जिच्यामुळे मला या भागात मान होता, ती म्हणजे अर्क. ओजिमा किंवा निशी-कसाईतल्या कोणा मराठी घरी बाळंतपण झाले की दहाव्या दिवशी आमच्याकडून बाळंतशोपांच्या अर्काची बाटली जात असे. शोपा भरड कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी तांब्याच्या भांड्यात घालायच्या, झाकणाची सांध कणकेने लिंपायची, झाकणातून निघालेली नळी बर्फाच्या पाण्याच्या बादलीतून फिरवून आणायची आणि खाली बाटली ठेवायची. वाफ नळीत थंड होते आणि थेंब थेंब बाटलीत उतरतो. दारूची भट्टी ज्या तत्त्वावर चालते तेच हे तत्त्व, पण यात दारूचा अंश नाही. नुसते सुगंधी, औषधी पाणी. भांडे पत्नीच्या माहेरचे. तिच्या वडिलांचे काष्ठौषधीचे लहानसे दुकान होते आणि अर्क काढायला ती तिथेच शिकली.

रविवारी सकाळी ती भांड्याजवळ उभी राहायची, हाताची मागची बाजू नळीला जिथे ती झाकणातून निघते तिथे लावायची आणि म्हणायची, "कमी करा." मी शेगडीची कळ फिरवायचो. मग ती नळीच्या खालच्या टोकाला बोट लावायची आणि म्हणायची, "बर्फ." मी बर्फ घालायचो. शेवटी वास घेऊन म्हणायची, "बास. आता शिजका वास येईल." मी शेगडी बंद करायचो, बाटलीला बूच लावायचो आणि माझ्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवायचो. लोक त्याला 'काकांचा अर्क' म्हणत. मी त्यांना कधी दुरुस्त केले नाही.

जाबदेणार क्रमांक एक वारस नोंदीसाठीच आला होता. त्याचे वडील नुकतेच वारले होते. मी त्याला असा अर्ज लिहून दिला की तलाठ्याने पहिल्याच खेपेला नोंद घातली. तो वाकून नमस्कार करून गेला. पुढे त्याच्या पत्नीला दिवस गेले, मे महिन्यात मुलगी झाली, आणि बाळंतशोपांचा अर्क कसा निघतो हे पाहायला एका रविवारी तो वर आला.

मी त्याला खुर्ची दिली आणि सर्व कृती शास्त्रशुद्ध समजावून सांगितली. त्याने माझे ऐकले. पण तो पाहत होता तिच्या हाताकडे.

"काकू, हात लावून तुम्हाला नक्की काय कळतं?"

"वाफ आली की नाही ते."

"पण वाफ आल्यावर कमी करून उपयोग नाही ना? तोपर्यंत उकळी फुटणार."

"आल्यावर नाही रे. यायच्या आधी."

"आधी कसं कळतं?"

पत्नीने थोडा विचार केला. मी सांगणार होतो की हे अनुभवाचे काम आहे. परंतु ती बोलली. "चटका किती बसतो ते बघायचंच नाही. किती घाईनं वाढतोय ते बघायचं. घाई दिसली की जाळ मागं घ्यायचा. दूध उतू जाताना तू काय करतोस?"

"मी दूध तापवत नाही काकू, मायक्रोवेव्ह."

"मग तुझं कठीण आहे."

दोघेही हसले. त्याने खिशातून फोन काढून तिचे वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. म्हणाला, "काकू, हे समजायला मला कॉलेजात एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं."

तो गेल्यावर मी तिला विचारले, "हे घाईचं तू मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?" ती भांडे उपडे घालत म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर सुचले असते.

त्यानंतर त्याने खाली आपले यंत्र उभे केले. स्टीलचे भांडे, विजेची शेगडी, झाकणाच्या तोंडाशी एक उष्णता मोजणारी तार, नळीच्या टोकाशी दुसरी, आणि दोन्ही तारा त्या हिरव्या पट्टीला जोडलेल्या. पट्टी आकडे वाचते आणि शेगडी चालू-बंद करते. दर खेपेला टक् असा आवाज होतो. पहिल्या रविवारी आम्ही दोघेही गेलो. आतल्या खोलीत बाळ-बाळंतीण निजलेली होती, म्हणून सगळे हळू आवाजात चालले होते. आकडा चढत चढत गेला, पट्टीने वेळेवर शेगडी बंद केली, तरीही आकडा थांबला नाही. तापलेली शेगडी लगेच थोडीच निवते. भांडे खदखदले आणि शोपांचे गढूळ पाणी नळीतून बाटलीत आले. मला जो आनंद झाला तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

"यंत्राला हात नाही ना," मी म्हणालो.

"हात आहे काका, घाई कळत नाहीये. काकू सांगतात ते अजून नीट बसवलं नाहीये." आणि तो तिला म्हणाला, "काकू, आता तुम्ही नळीला हात लावा, आणि जिथे कमी करा म्हणाल तिथे मी खूण करतो. मशीन तुमच्याकडून शिकेल."

त्या दिवशी दीड तास माझी पत्नी परक्याच्या स्वयंपाकघरात उभी राहून "आता... आता... थोडं थांब... आता" असे म्हणत होती आणि तो प्रत्येक 'आता'पुढे आकडा लिहीत होता. वीस वर्षे तो 'आता' माझ्यासाठी होता. ती म्हणायची आणि मी कळ फिरवायचो. संसारात आमच्यात फार बोलणे होत नाही. जे होते ते बहुतांशी रविवारचे. आता ते बोलणे आकड्यांत उतरवून एका पट्टीत भरले जात होते, आणि ती पट्टी माझ्याहून चांगली श्रोता ठरत होती. सोफ्यावर बसून मी बार्लीचा थंड चहा प्यालो. मला कोणी काही विचारले नाही.

दुसऱ्या रविवारी मी कामाचे निमित्त सांगून गेलो नाही. ती पावणेदोनला वर आली. चेहरा मी लग्नानंतरच्या वर्षात पाहिला होता तसा.

"आज हात लावावाच लागला नाही," ती म्हणाली. "एकदाही."

"मग तू तीन तास काय केलंस?"

"बसले. बाळाला मांडीवर घेऊन बसले. अर्क निघत असताना मी बसल्येय असं जन्मात पहिल्यांदा झालं."

तिने पिशवीतून बाटली काढली. मी बूच उघडून वास घेतला. आमच्या अर्काला शेवटी एक किंचित शिजका वास असतो. आपणच काढलेला असल्यामुळे आपल्याला तो जाणवत नाही. या अर्काला तो नव्हता. पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत एकसारखा. आणि बाटलीवर छापील चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिले होते : 'काकूंचा अर्क'.

मी बूच लावून बाटली शीतकपाटात सर्वांत मागे, लोणच्याच्या बरणीआड ठेवली.

तिसऱ्या रविवारी ती खाली गेली आणि मी तिच्या माहेरचे भांडे काढले. शोपा मी आदल्या दिवशी तिच्या नकळत भिजवल्या होत्या. कणीक लिंपली, बर्फ भरला, शेगडी पेटवली, नळीला हाताची मागची बाजू लावली. नळी गार होती. मग कोमट झाली. मग मला चटका बसला. या तीन गोष्टींच्या मध्ये कुठेतरी ती 'घाई' असणार, पण ती माझ्या हाताला सापडली नाही. जाळ कमी केला तर थेंब थांबले. वाढवला तर गढूळ पाणी आले. रागाने मी जाळ मोठा ठेवला आणि चिठ्ठी लिहायला बसलो. अक्षर चांगले यावे म्हणून तीन चिठ्ठ्या फाडल्या. भांड्यातले पाणी केव्हा संपले ते कळले नाही. शोपा तळाला लागून जळल्या. घरात धूर झाला म्हणून मी दार उघडले आणि तो करपट, औषधी वास जिन्यातून थेट खालपर्यंत गेला. एका शेजारणीने तोंडावर रुमाल धरल्याचे मी वरून पाहिले.

भांडे घासून जागेवर ठेवले. आणि सोमवारी मी व्यवस्थापकाकडे अर्ज दिला.

अर्जात नऊ कलमे होती. मजकूर मी मराठीत रचला आणि फोनकडून जपानी करून घेतला. तीन रविवारच्या वेळा दिल्या. दुसऱ्या मजल्यावर विजेच्या यंत्राने ऊर्ध्वपातन चालते, हे लिहिले. ते खरे होते. जिन्यात करपट वास पसरून रहिवाशांना त्रास झाला, हे लिहिले. तेही खरे होते. वास कोणत्या मजल्यावरून आला याविषयी मी अक्षरही लिहिले नाही. आठव्या कलमात लिहिले की परवान्यावाचून घरी मद्य गाळणे या देशात गुन्हा आहे, सबब सदर यंत्रातून नेमके काय निघते याची खात्री कार्यालयाने करावी. कचेरीबाहेर आम्ही याला 'फक्त चौकशीची विनंती' म्हणत असू. आरोप करायचा नाही. दार दाखवायचे आणि बाजूला व्हायचे. अर्जात एकही वाक्य खोटे नव्हते, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला.

गुरुवारी कचरा-वर्गीकरणाच्या तक्त्याशेजारी सूचना लागली आणि तिची प्रत प्रत्येकाच्या टपालपेटीत आली. माझ्या नऊ कलमांच्या चार ओळी झाल्या होत्या. वासाबाबत रहिवाशांकडून सूचना आली आहे. स्वयंपाक करताना सर्वांनी काळजी घ्यावी. घरी मद्य गाळण्यास कायद्याने बंदी आहे याची नोंद घ्यावी. आपल्या सहकार्याबद्दल आभार. खाली कमरेत वाकलेल्या एका माणसाचे चित्र. मजला नाही, वेळ नाही, अर्जदार नाही, जाबदेणार नाही. इथली रीतच तशी आहे : तक्रार एकाची असली तरी ती सर्वांना उद्देशून लावतात, म्हणजे कोणाचा अपमान होत नाही आणि ज्याचे त्याला कळते.

ज्याला कळायचे होते त्याला कळले. त्याच संध्याकाळी तो प्रत्येक मजल्यावर मिठाईचा खोका घेऊन हिंडला आणि प्रत्येक दारात वाकून माफी मागितली. आमच्या दारात आला तेव्हा पत्नी कणीक मळत होती.

"काका, सॉरी हां. माझ्यामुळे सगळ्या बिल्डिंगला त्रास झाला. मशीन काढून टाकली मी. ऑगस्टमध्ये व्हिसा रिन्यूअल आहे, त्यात दारूचा उल्लेख म्हणजे... रिस्क नको."

"मी तर रविवारी तिथंच होते. वास तुझ्या घरी आला होता का?" पत्नीने आतून विचारले.

"आम्हाला नाही आला काकू, पण आपल्या घरचा वास आपल्याला कळत नाही ना." मग तो माझ्याकडे वळला. "काका, एक काम होतं. ऑफिसला एक खुलासा द्यायचाय. यंत्रातून काय निघतं, दारू नाही, वगैरे. तुमच्याइतकं नीट मला जमणार नाही. लिहून द्याल?"

मी 'हो' म्हणालो. दुसरे काय म्हणणार? तो खोका ठेवून गेला. दार लागल्यावर पत्नी हाताची कणीक काढत बाहेर आली.

"भांड्याच्या तळाला काळं आहे," ती म्हणाली. "रविवारपासून आहे."

"मी घासलं होतं."

"घासलंत. नुसतं आतून." ती टेबलाशी बसली. "अर्ज तुम्ही केलात ना?"

"त्यात एकही वाक्य खोटं नाही."

"नसणारच. तुमचाच आहे." मग ती म्हणाली, "त्याच्या बायकोला अजून महिनाभर अर्क लागणारे. त्याची मशीन बंद. आणि नियम सगळ्यांना आहे, म्हणजे आपलीही शेगडी बंद. आता लिहा त्याचा खुलासा. बघू कसा लिहिता."

मी त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसलो. अनेक वर्षे मी वादी आणि प्रतिवादी दोघांचेही कागद लिहिले आहेत, कधी एकाच दिवशी, आणि दोघांनाही उत्तम लिहून दिले आहे. मला वाटले, हेही जमेल. पहिली सात वाक्ये जमली. आठव्या वाक्यात 'सदर करपट वास हा दुसऱ्या मजल्यावरील नसून' इथवर आलो आणि पुढे जाता येईना. तिथे काय लिहायचे हे या इमारतीत दोनच माणसांना ठाऊक होते, आणि त्यांतले एक माझ्याशी बोलत नव्हते.

मी खाली व्यवस्थापकाकडे गेलो आणि माझ्या मोडक्या जपानीत सांगितले की मला तक्रार मागे घ्यायची आहे. तो साठीचा, अतिशय नम्र मनुष्य आहे. त्याने मला खुर्ची दिली, टेबलाचे खण पाहिले आणि सांगितले की कोणी तक्रार केली याची नोंद ते ठेवत नाहीत, म्हणून ती कोणाला मागे घेता येत नाही. महिनाअखेर ती सूचना भिंतीवरून काढली जाईल. आमच्या कचेरीत प्रत्येक अर्जाला मागे घेण्याचा अर्ज असे; त्याचा नमुना मला आजही पाठ आहे. इथे नमुनाच नव्हता. तो इतकेच म्हणाला, "त्यांना स्वतः भेटून सांगा. घर जवळच आहे."

दोन जिने चढलो. दुसऱ्या मजल्यावर थांबलो. दारामागे बाळ रडत होते आणि तो लेकीला मराठी-इंग्रजीत काहीतरी समजावत होता. मी घंटी वाजवली. त्याने बाळ खांद्यावर घेऊन दार उघडले आणि मी कागद न पाहता, कलमे न पाडता सांगितले. वास माझा होता. अर्ज माझा होता. आठवे कलमही माझे.

तो बाळाची पाठ थोपटत राहिला. मग म्हणाला, "पण का काका?"

बाटलीवरची चिठ्ठी आणि ते 'आता' त्याला सांगणे मला शक्य नव्हते. त्याने हळूच दार लावले. खुलासा मी त्याच दिवशी पुरा करून, स्वतःच्या सहीनिशी, चौथ्या मजल्याच्या पत्त्यासह कार्यालयात दिला आणि एक प्रत त्याच्या टपालपेटीत टाकली. कार्यालयाने पोच दिली नाही. त्याने परवा पत्नीला निरोप पाठवला आहे की मशीन पुन्हा जोडतो, रविवारी याल का. निरोपात माझा उल्लेख नाही.

तिने त्याला अजून काही कळवलेले नाही. माझ्याशीही याविषयी बोललेली नाही. म्हणून जे तोंडाने जमत नाही ते, मला येते त्या रीतीने, लिहून तिच्यापुढे ठेवतो.

तक्रार मी बिनशर्त मागे घेतली आहे. मत्सर मात्र मागे घेता येत नाही, कारण तो आहे, आणि या कागदातही मी खोटे वाक्य लिहिणार नाही. तू त्या घरी बसतेस याचा मला राग नाही. तू तिथे हसतेस आणि इथे नाही, याचा आहे. अर्क माझा कधीच नव्हता हे मी मान्य करतो आणि त्यावर माझा कोणताही हक्क राखून ठेवत नाही.

सबब विनंती की, येत्या रविवारी तू खाली जाणार असल्यास मला सोबत येऊ द्यावे. मी बर्फ आणीन आणि विचारल्याशिवाय बोलणार नाही. मला येऊ देणे योग्य वाटत नसल्यास तसे स्पष्ट सांगावे. मी ते ऐकून घेईन. उत्तर लेखी नको, एका शब्दाचे चालेल, पण ते शनिवारच्या आत, शोपा भिजत घालण्यापूर्वी मिळावे.

अर्जदार,
तुझा नवरा